शुक्रवारी भोगवटा

एल्गिनच्या हाय स्ट्रीटवर, मासळीच्या दुकानावर,
आमचं वकिलांचं ऑफिस.
मी वकील नव्हे. मी कागद जमवते.

सतरा वर्षांत तीनशेच्या वर नवी घरं
माझ्या टेबलावरून गेली.
ओल्या प्लॅस्टरचा वास मला ठाऊक नाही,
स्टेपलरच्या तापल्या लोखंडाचा आहे.

आज यूना गॅलब्रेथची फाईल. प्लॉट एकेचाळीस.
रस्त्याला टिटवीचं नाव दिलंय,
जवाच्या शेतात टिटव्या असायच्या म्हणून,
जेसीबी येईपर्यंत.

विजेच्या जोडणीचा दाखला आहे. खाली फर्कर मन्रोची सही,
इतकी वळणदार, की भिंतीतल्या तारांचं
उगाच टेन्शन यावं.
सांडपाण्याचा आहे: नळांत धूर सोडला,
कुठूनही वर आला नाही.
दहा वर्षांची हमी आहे, तिच्या मागच्या पानावर
हमीत काय काय बसत नाही, ते बारीक अक्षरांत.
घर किती ऊब धरून ठेवतं
त्याला शाळेतल्यासारखी श्रेणी मिळालीय. ब.
आणि एक, जो मी दर वेळी शेवटपर्यंत वाचते:
दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून
आतली हवा ओढून घेतात, आणि बघतात
बाहेरची कुठून कुठून शिरते.
कुणी राहायला यायच्या आधीच
घराचा श्वास मोजून ठेवतात.
कमी श्वास घेतं ते घर चांगलं, म्हणे.

नाही तो एकच. भोगवट्याचा.
हा शब्द ज्याने घडवला
तो भाडेकरूच असणार.

त्या कागदावाचून बँक पैसे सोडत नाही,
बिल्डर चावी सोडत नाही,
आणि टिटवीच्या रस्त्यावर यूनाचा ट्रक उभा आहे,
स्टीअरिंगवर पुतण्या, मागे कपाटं, शिलाईचं मशीन,
मांडीवर टोपलीत मांजर.
जुन्या घराची चावी तिने सकाळी नऊलाच देऊन टाकली.

म्हणजे आत्ता, कायद्याने,
ती कुठेच राहत नाही.

दर दहा मिनिटांनी फोन. रागावत नाही बाई,
तेच जास्त लागतं.
"आलं का हो काही?"
"कौन्सिलला विचारते."

कौन्सिलच्या इन्नेसबाई सांगतात,
मागच्या दाराच्या पायऱ्यांना कठडा आहे,
पण हलतो. दोन स्क्रू नाहीत.

दोन स्क्रू.
सुतार फॉरेसला, दुसऱ्या साइटवर,
तोंडात पाव कोंबून म्हणतो, "निघालोच."
निघालोच म्हणजे काय, हे बांधकामवाल्यांच्यात
अजून कुणी दाखल्यावर लिहून दिलेलं नाही.

मी वाट बघते. समोर खिडकीत
समुद्रपक्षी मासळीवाल्याच्या पत्र्यावर नाचतात.
मी राहते त्या खोलीचा माझ्याकडे एकच कागद,
त्यातही माझं आडनाव चुकलेलं,
दुरुस्त करून घ्यायचं राहूनच गेलं.
छतावर डाग आहे, कोंबडीच्या आकाराचा.
त्याची कुठेच नोंद नाही.

तीनला सात कमी असताना दाखला आला.
स्क्रीनवर दिसला तरी मी छापून घेतला,
कोमट होता, क्षणभर तळहातावर ठेवला.
मग बँकेला, मग बिल्डरला, मग यूनाला:
"चावी घ्या."
ती काहीच बोलली नाही. मागून पुतण्याने
दोनदा हॉर्न वाजवला.

सहाला, मी कोट घालत असताना, पुन्हा तिचा फोन.
"सगळं ठीक आहे. तसं ठीकच आहे.
फक्त घरात आवाज फार घुमतो.
हे कुठल्या कागदात बघू?"

मी फाईल चाळली. खरंच चाळली, कोट घालून,
उभ्यानेच, पहिल्या पानापासून.
"पडदे लावून बघा," म्हटलं.
"हं," म्हणाली. मग फोन न ठेवताच
मांजराशी काहीतरी बोलली,

ते मला दोनदा ऐकू आलं.